विनोद, अपमान आणि कायदा



गेल्या रविवारी मिस्सानंतर तीन तरुण एक अर्ज घेऊन आले. मोबाईलवर फिरणाऱ्या एका विनोदी कार्यक्रमात पापनिवेदनाची टिंगल केली होती. "फादर, सही करा, पोलिसांत द्यायचा आहे." राग मलाही आला. पण कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम १९ ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रूनुकसानी अशा ठराविक कारणांसाठीच निर्बंध घालता येतात. 'भावना दुखावल्या' हे कारण त्या यादीत नाही. धर्माच्या अपमानाविषयीचे १९२७ चे कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झाले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर ते कलम वैध ठरवले. म्हणजे आपल्याला किती लागले, यापेक्षा बोलणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा. सेमिनरीत हेतू या विषयावर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. पोलीस ठाण्यात तो बिचाऱ्या हवालदाराला उभ्या उभ्या सोडवावा लागतो!

वरळीचा डिसेंबर २०१४ मधला 'एआयबी नॉकआउट' आठवतो? त्यात ख्रिस्ती श्रद्धेचीही थट्टा होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या कलाकारांनी कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांच्याकडे माफी मागितली. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही.

मी तिघांना विचारले, कार्यक्रम शेवटपर्यंत कोणी पाहिला? एकानेच मान हलवली. अर्ज माझ्या टेबलावर आहे. बुधवारी संध्याकाळी चौघे मिळून तो कार्यक्रम पूर्ण पाहू, मग सहीचे ठरवू.

तुमचा फादर