पावले मोजताना : फोनचा आकडा आणि चौथीचा वर्ग



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून एक उपक्रम ठरवला. महिनाभर रोज १०,००० पावले चालायची आणि रात्री दहाच्या आत फोनमधल्या आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. आम्ही बत्तीस जण होतो. पहिल्या तिघांना शिक्षण परिषदेत गुलाबपुष्प आणि पाण्याची बाटली मिळणार होती. बाटली साधीच, पण आठवडाभरात तिने सगळ्यांची झोप उडवली. कुणी मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारतंय, कुणी फोनवर बोलत व्हरांड्यात येरझाऱ्या घालतंय.

अकराव्या दिवशी रात्री साडेनऊला माझा आकडा होता ८,७४०. दिवसभर शाळा, मग स्वयंपाक, उद्याची तयारी. पाय बोलत होते. मी सोफ्यावर बसले आणि टीव्ही बघत बघत फोन हातात हलवायला लागले. आकडा खरंच वाढत होता! माझी मुलगी दुसरीत आहे. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू बसूनच चालतेस?"

स्क्रीनशॉट टाकून झाला होता. त्याखाली बारा जणांचे अंगठे आले होते. मला मात्र रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. वर्गात एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवलं तर मी काय बोलते, ते मलाच आठवत होतं. सकाळी ग्रुपवर लिहिलं, "कालची माझी १,२६० पावलं खोटी आहेत, वजा करावीत." बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एका सरांनी लिहिलं की त्यांचा फोन खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवरसुद्धा पावलं मोजतो, त्यांनी ती कधी वजा केली नव्हती. मग आणखी दोघं-तिघं बोलले.

त्याच दिवशी परिपाठानंतर मी हे सगळं मुलांना सांगितलं, स्वतःची चूक धरून. मुलं हसली, पण लगेच कामाला लागली. फोन पावलं मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो? फोनला पाय दिसत नाहीत. त्याच्यात हालचाल ओळखणारा एक बारीक सेन्सर असतो, त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. ठरावीक लयीत हिसके बसले की तो समजतो, माणूस चालतंय. म्हणून बसून हलवलं तरी फसतो.

आम्ही मैदानात प्रयोग केला. मी बरोबर १०० पावलं चालायची, मुलांनी मोठ्याने मोजायची. फोन हातात असताना त्याने ९८ मोजली, पर्समध्ये असताना ९३. मग वर्गात आलो. बाकांमधून वह्या तपासत फिरले, दोन पावलं चालायचं, थांबायचं, वाकायचं. मुलांनी मोजली ४०, फोनने ६! बऱ्याच फोनमध्ये सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. दोन-चार पावलांना तो नुसता धक्का समजून सोडून देतो. म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं निम्मं चालणं त्याच्या हिशेबातच नाही.

आणि आणखी एक गोष्ट एका मुलीने दाखवली, जी बत्तीस शिक्षकांपैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती म्हणाली, "बाई, सरांच्या पँटीला खिसा असतो. तुमचा फोन तर दिवसभर टेबलावरच असतो." खरंच की! आमच्या यादीत पहिले सहाही जण सर होते. साडीला खिसा नसतो, एवढी साधी गोष्ट.

पुढचे दोन तास लांबीच्या मोजमापात गेले. टेपने ६० मीटरची रेघ मारली. मला ती चालायला ९२ पावलं लागली, चौथीच्या मुलांना सुमारे १२०. मुलांनी भागाकार केला : त्यांचं पाऊल अर्ध्या मीटरचं, माझं साधारण ६५ सेंटीमीटरचं. मग १०,००० पावलं म्हणजे किती? मुलांचे ५ किलोमीटर, माझे साडेसहा. सेंटीमीटर, मीटर, किलोमीटर हा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. यंदा लिहायची वेळच आली नाही. तुम्ही हा प्रयोग कराल तेव्हा आधी मुलांना अंदाज सांगायला लावा आणि तो वहीत लिहून घ्या. नंतर खोडता येत नाही, मग मजा येते.

पालकांसाठी मुद्दाम सांगते, कारण हल्ली मुलांच्याही मनगटावर पावलं मोजणारे पट्टे दिसतात. १०,००० हा आकडा काही डॉक्टरांनी प्रयोग करून काढलेला नाही. टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झालं आणि १९६५ मध्ये जपानी बाजारात पावलं मोजण्याचं एक यंत्र आलं. त्याचं नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नावातला आकडा जगभर गेला. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. हा अभ्यास आजीच्या वयाच्या बायकांचा आहे, मुलांना तो लावू नका. पण ८,७४० वर मी रडकुंडीला यायचं कारण नव्हतं, एवढं तरी कळलं. आणि घरी "दादाचे नऊ हजार झाले, तुझे चारच?" असं कृपया म्हणू नका. एकाचं पाऊल लहान असेल, दुसऱ्याचा पट्टा दप्तरात पडलेला असेल.

उपक्रम संपला तेव्हा मी एकोणिसावी होते. बाटली ज्यांना मिळाली त्यांनी ती शाळेतच ठेवली आहे.

शेवटच्या आठवड्यात मुलांनी स्वतःहून एक काम काढलं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. चार मुलं पाळीपाळीने स्वयंपाकघराच्या दाराशी वही घेऊन बसली आणि ताळ्याच्या खुणा करत राहिली. नळ ते चूल, चूल ते कोठी, कोठी ते व्हरांडा. शाळा भरल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुणा झाल्या २,३१५. मध्ये एकदा वाटाणे निवडायला त्या बसल्या, तेवढा वेळ पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. आकडा सांगितला तेव्हा ताई म्हणाल्या, "भांडी अजून घासायचीत, वही बंद करू नका."