वडिलोपार्जित पाने

सिकंदराबादेजवळ लालागुडा येथे निजामाच्या रेल्वेचा कारखाना १८९३ मध्ये उभा राहिला. तेथील जुन्या कारागिरांचे पाने काही घरांतून अद्याप जपलेले असतील.

जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एक प्रमाण मांडले. त्या पद्धतीच्या जुन्या पान्यावरील आकडा जबड्याचे माप सांगत नाही. बोल्टाचा व्यास इंचांत सांगतो. हे न जाणता तो मेट्रिक नटास लावल्यास नटाचे कोपरे झिजतात.

गंज चढल्यास पाना घासलेटात भिजवावा, काथ्याने घासावा आणि कोरडा करून तेलाचा हात द्यावा. कानस मात्र मुळीच लावू नये. वडिलांचा एक पाना मी तसा चकचकीत केला. आकडा गेला आणि पाना मुका झाला. वारसा उजळावा, पुसू नये.