मोटारीची बॅटरी : निवड आणि निगा

पावसाळ्यातील मध्यरात्र. पेडणे तालुक्यातील एखाद्या आडवाटेच्या वाड्यावर कोणाला तरी एकाएकी अस्वस्थ वाटू लागते. रुग्णाला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तातडीने न्यावयाचे असते. शेजाऱ्याची मोटार अंगणात उभी असते. चालक किल्ली फिरवितो; पण इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता ‘टक् टक्’ असा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते.

असा प्रसंग ओढवला म्हणजे बॅटरीने ऐन वेळी दगा दिला, असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः बॅटरी सहसा एका रात्रीत निकामी होत नाही. तिची शक्ती कित्येक आठवडे क्षीण होत गेलेली असते आणि तशा खुणाही तिने दिलेल्या असतात. त्या खुणा ओळखता याव्यात, नवी बॅटरी डोळसपणे घेता यावी आणि घेतलेली बॅटरी अधिक काळ टिकावी, यासाठी काही गोष्टी प्रत्येक वाहनधारकाने समजून घेणे हिताचे आहे.

बॅटरीचे कार्य

मोटारीत वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी ही गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधून काढली. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घट असतात आणि प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा दाब देतो. घटामध्ये शिशाच्या आणि शिसे-डायऑक्साइडच्या पट्ट्या आळीपाळीने बसविलेल्या असून त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली म्हणजे दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर उलट दिशेने वीज पुरवितो, सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते.

ही क्रिया वेळच्या वेळी पूर्ण झाली तर बॅटरी वर्षानुवर्षे काम देते. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीतच पडून राहिली, तर सल्फेटचे कण कठीण स्फटिकांचे रूप घेतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. बॅटरी अकाली निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दोष खरोखर बॅटरीचा आहे काय?

गाडी सुरू होत नाही म्हणून तडक नवी बॅटरी विकत आणणे हे शहाणपणाचे नव्हे. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर, सैल झालेली पकड, ढिला पट्टा किंवा नादुरुस्त अल्टरनेटर यांपैकी कोणत्याही कारणाने हेच लक्षण दिसू शकते. मूळ दोष तसाच राहिल्यास नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरते आणि खर्च वाया जातो.

तपासणी सोपी आहे. गाडी काही तास उभी ठेवल्यानंतर व्होल्टमापकाने दाब मोजावा. तो १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२.२ व्होल्ट म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ व्होल्टखाली गेल्यास बहुतांशी रिकामी. इंजिन चालू केल्यावर हा दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष अल्टरनेटरमध्ये किंवा जोडणीत शोधावा. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते उत्पादकाच्या प्रमाणानुसार १.२४० ते १.२८० असते. पाच घट सारखे आणि एकच घट बराच खाली, असे आढळले तर तो घट बिघडला असे समजावे व बॅटरी बदलावी.

नवी बॅटरी निवडताना

पहिली गोष्ट म्हणजे वाहनाची पुस्तिका पाहणे. तीत बॅटरीचा आकार, क्षमता आणि टोकांची जागा दिलेली असते. क्षमता अँपिअर-तासांत सांगतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह २० तास देऊ शकणारी बॅटरी. मोटारीचे पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे धरल्यास ११० वॅट होतात. त्यास १२ ने भागले असता सुमारे ९ अँपिअर येतात. म्हणजे दिवे चालू ठेवून गाडी बंद केल्यास अशी बॅटरी चार तासांच्या आत रिकामी होते. हे गणित शाळेतील मुलांकडूनही करवून घेण्यासारखे आहे.

बॅटरीवरील ‘३८बी२०एल’ यासारख्या खुणेत आकारमान सांगितलेले असते. त्यातील २० हा आकडा सेंटीमीटरमधील सुमारे लांबी दर्शवितो आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टोकांची मांडणी दाखविते. ही मांडणी उलट असल्यास तारा पोचत नाहीत. ओढूनताणून पोचविल्यास धन व ऋण टोकांची अदलाबदल होऊन अल्टरनेटर व विद्युत-उपकरणे जळण्याचा धोका संभवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्मितीची तारीख. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते आणि गोव्याच्या उष्ण हवेत ती अधिक वेगाने उतरते. म्हणून शक्य तितकी ताजी बॅटरी मागून घ्यावी. हमीपत्रावर विक्रेत्याचा शिक्का, तारीख व क्रमांक आहे याची खात्री करावी. बिल घेतल्याविना बॅटरी घेऊ नये, कारण बिलावाचून हमीचा दावा टिकत नाही.

तिसरी गोष्ट प्रकाराची. झाकणे असलेली, पाणी घालावी लागणारी बॅटरी स्वस्त असते, पण तिच्याकडे नियमित लक्ष द्यावे लागते. बंद स्वरूपाच्या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही; मात्र तिचीही टोके स्वच्छ ठेवावीच लागतात. सिग्नलपाशी इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांना त्यांच्यासाठीच बनविलेली बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी फार काळ टिकत नाही. ज्या जड वाहनांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात, तेथे दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात. जुनी व नवी एकत्र जोडल्यास जुनीच्या दोषाने नवीही लवकर खराब होते.

बसविण्याची रीत

बॅटरी काढताना प्रथम ऋण टोकाची आणि नंतर धन टोकाची तार सोडावी. नवी बसविताना हाच क्रम उलटा करून धन टोक आधी व ऋण टोक शेवटी जोडावे. याचे कारण असे की, गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. ऋण तार जोडलेली असताना धन टोकावरील पाना सांगाड्यास लागला, तर मोठी ठिणगी उडते. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते, ही ओळखीची खूण ध्यानात ठेवावी.

टोकांवरील थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. मात्र ते पाणी घटांत जाऊ देऊ नये. जोडणी घट्ट केल्यावर वर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी आवळल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. खाचखळग्यांच्या रस्त्यावर सैल बॅटरीला बसणाऱ्या हादऱ्यांनी पट्ट्यांवरील लेप गळून तळाशी साचतो आणि घट आतल्या आत जोडला जाऊन मरतो.

पाणी कोणते घालावे?

आम्लाची पातळी पट्ट्यांच्या सुमारे १० ते १५ मिलिमीटर वर असावी. ती उतरल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बॅटरीतून उडून जाते ते पाणी; आम्ल तेथेच राहते. म्हणून वरून आम्ल कधीही घालू नये.

विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरणे हानिकारक आहे. डिचोली हा लोह खनिजाचा तालुका असून तेथील पाण्यात लोहाचा अंश असू शकतो. पेडण्याच्या किनारपट्टीतील विहिरींत खारटपणा उतरण्याचा संभव असतो. लोहामुळे बॅटरी आपोआप उतरू लागते व क्षारांतील क्लोराइडमुळे पट्ट्या झिजतात. पाणी उकळून गार केले म्हणजे चालते, असा एक गैरसमज आहे. उकळल्याने जंतू मरतात. क्षार मात्र भांड्यातच राहतात. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात दाखविता येईल. दोन स्वच्छ काचांवर विहिरीच्या आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक-एक थेंब ठेवून उन्हात वाळवावा. पहिल्या काचेवर बहुधा पांढरट कडे उरते. दुसरी स्वच्छ राहते.

पावसाळा, उन्हाळा आणि उभी वाहने

पावसाळ्यात दिवे, पुसणी आणि पंखा एकाच वेळी चालतात. घरापासून बाजारापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत खर्च झालेली वीज पुरती भरून येत नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. उन्हाळ्याची हानी दिसत नाही, पण ती अधिक असते. उष्णतेने पाणी लवकर आटते आणि पट्ट्यांची झीज वाढते. गाडी सावलीत ठेवावी व उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी पाहावी.

उभ्या वाहनांचा प्रश्न डिचोलीकरांना नवा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा खनिज वाहून नेणारे ट्रक दीर्घकाळ जागीच उभे राहिले. अशा उभ्या वाहनातील बॅटरी चार्ज न करता तशीच ठेवली, तर तीवर सल्फेट जमणे अटळ असते. बंद मोटारीतही घड्याळ, कुलूप व संगणक यांस थोडी वीज लागते. हा प्रवाह अवघा ०.०५ अँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी होते. नोकरीनिमित्त परदेशी किंवा जहाजावर जाणाऱ्यांनी, तसेच महिनोन्‌महिने गाडी न काढणाऱ्यांनी ऋण तार सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्यावी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या सुमारे एक-दशांश असावा. ३५ अँपिअर-तासांस साडेतीन अँपिअर पुरेत.

मोप येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागल्यापासून पेडण्यातील अनेकांनी टॅक्सीचा व्यवसाय धरला आहे. पहाटेच्या प्रवाशाला वेळेवर नेणे हीच त्यांची पत आहे. अशा चालकांनी, तसेच शासकीय वाहनांच्या चालकांनी बॅटरी बसविल्याची तारीख, पाणी घातल्याची तारीख आणि व्होल्टचे आकडे वाहनाच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत. सेल्फ मंद फिरणे, दिवे फिकट पडणे आणि पाणी वारंवार आटणे या तीन खुणा आढळल्यास गाडी बंद पडण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

अपघात टाळावेत

चार्ज होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून रात्री पातळी पाहण्यासाठी काडी ओढू नये, विजेरी वापरावी. बंद खोलीत चार्जिंग करू नये. दुसऱ्या गाडीची वीज घेताना धन टोक धन टोकास जोडावे. चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावी. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

निकामी बॅटरीच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो आणि ते वितळवून पुन्हा वापरता येते. म्हणूनच विक्रेते जुन्या बॅटरीचे मोल नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतात. हे मोल बिलावर लिहून घ्यावे.

थोड्या जास्त पैशांच्या आशेने जुनी बॅटरी परसात फोडणे, आम्ल ओहोळात ओतणे किंवा शिसे चुलीवर वितळविणे हे अत्यंत घातक आहे. शिसे शरीरात साचते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही. एका घरच्या परसात सांडलेले आम्ल व शिशाचा गाळ पावसाबरोबर शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरकर्त्याने निकामी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवावी आणि ती गोळा करणाऱ्या अथवा पुनर्वापर करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवावी, असे अभिप्रेत आहे. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी वर्गात ही गोष्ट सांगितल्यास पुष्कळ हानी टळेल.

बॅटरीची निगा राखण्यास ना मोठे शिक्षण लागते, ना मोठा खर्च. महिन्यातून दहा मिनिटे, एक बाटली डिस्टिल्ड वॉटर आणि नोंदवहीतील दोन ओळी एवढेच पुरते. त्याच्या बदल्यात अडचणीच्या रात्री किल्ली फिरविताच इंजिन सुरू होते आणि रुग्ण वेळेवर इस्पितळात पोचतो.