पान्हा चोरणारी म्हैस

आमचा गोठा करवीर तालुक्यात. २२ वर्षं मी धारा काढतेय. त्यातली दोन वर्षं पान्ह्याच्या इंजेक्शनवर काढली. त्या दोन वर्षांनी जे शिकवलं ते हे.

१. सुई दूध तयार करत नाही.

आमच्या पंढरपुरी म्हशीचं रेडकू पंधराव्या दिवशी गेलं आणि ती पान्हा चोरायला लागली. ओळखीतल्या एकानं बिनलेबलची प्लास्टिकची बाटली आणून दिली. टोचलं की मिनिटाभरात सड ताठ! चरवी भरली, आम्ही खूश. दूध वाढलं असंच मला वाटलं.

बाटलीत ऑक्सिटोसिन होतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. म्हैस तेच स्वतःच्या मेंदूतून सोडते. रेडकानं ढुशी दिली, कासेला कोमट पाणी लागलं, नेहमीच्या चरवीचा आवाज आला, की ते रक्तातून कासेत पोचतं. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध सडात उतरतं. हा पान्हा पाच-सात मिनिटांचा. तेवढ्यात धार उरकायची. सुई तयार दूधच खाली आणते, फार तर कासेत उरलेलं शेवटचंही काढते. दूध होतं ते वैरणीवर, पाण्यावर, म्हशीच्या जातीवर आणि वेतावर.

२. पान्हा चोरते म्हणजे म्हैस लबाड नव्हे.

भ्यालेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनलिन चढतं आणि पान्हा अडतो. रेडकू गेलेलं, त्यात धारेच्या वेळी मी तिच्यावर ओरडायचे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, आधी तिच्याजवळ बस की जरा.” मला डेअरीची वेळ गाठायची असायची. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर भर रस्त्यात, गिऱ्हाइकासमोर पंढरपुरी म्हशी धार देतात, हे लहानपणापासून बघितलेलं. गाड्यांच्या गर्दीत पान्हावणारी ही जात. ती माझ्याच गोठ्यात का अडली, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

३. दोन वेळा म्हणजे ६०० वेळा.

दहा महिन्यांचं वेत धरा, दिवसाला दोन सुया. मानेवर गाठी आल्या. सुई दिसली की ती डोळे फिरवायची. दुसऱ्या वेतात रेडकू जिवंत होतं, तोंड लावत होतं, तरी सुईशिवाय पान्हा नाही. आईला स्वतःच्या पिलासाठी पान्हा फुटेना, हे मी केलं होतं. हे कळलं त्या सकाळी पहिल्यांदा मला बाटलीची भीती वाटली.

४. सगळ्याच हार्मोनना एका दावणीला बांधू नये.

अमेरिकेत गायींना दर १४ दिवसांनी देतात ते इंजेक्शन निराळं. ते वाढीचं संप्रेरक. त्यानं दूध खरोखर वाढतं. तिथं १९९३ मध्ये त्याला परवानगी मिळाली, तर कॅनडानं १९९९ मध्ये नाकारली, कारण गायींना कासदाह आणि लंगडेपणाचा धोका. आपल्याकडची बाटली ती नव्हे. “हार्मोनचं दूध पिऊन पोरींना काही होईल का?” असं शहरातल्या बायका विचारतात. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. पोटात गेली की पचून जाते. भोगते ती म्हैस, आणि माझ्या मते सुई थांबवायला तेवढं कारण पुरे.

५. औषध वाईट नाही.

माझ्या धाकट्या जावेचा बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा ह्याच ऑक्सिटोसिननं ती वाचली. २०१८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवायला बंदी केली आणि काम एकाच सरकारी कंपनीकडे दिलं. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये तो निर्णय रद्द केला. बाळंतिणींचा विचार करता ते बरंच झालं असं मला वाटतं. गोठ्यासाठी १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहेच. त्याच्या बाराव्या कलमात, दूध काढण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि जनावर सरकारजमा. त्याच कलमात ‘फुका’ची, म्हणजे जनावराच्या योनीत हवा फुंकून दूध काढायची, बंदी आहे. कलकत्त्यात दुधासाठी होणाऱ्या त्या छळाविषयी कळल्यावर गांधीजींनी गाईम्हशीचं दूध सोडलं होतं.

६. सुई सोडवायला माणूस लागतो.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं मात्रा आठवड्याआठवड्यानं कमी केली. धारेला रोज मीच, वेळ तीच, जागा तीच. पुढ्यात आंबोण, पहिली दहा मिनिटं नुसतं बसायचं, आणि मग कासेला कोमट पाणी. रेडकाला आधी दोन सड सोडायचे. सुई पूर्ण बंद केली त्या सकाळी दीड लिटर दूध आलं. सुईवर तीन यायचं. फॅटही कमी लागली, कारण मलई शेवटच्या धारेत असते आणि ती कासेतच राहिली होती. दहा दिवसांचं बिल निम्मं आलं. सासऱ्यांनी ते वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि उरलेली बाटली परसात खड्डा काढून पुरली.