उघडी गाडी पावसात बघावी

पोरा, तू पाठवलेला फोटो बघितला. लाल गाडी, दोनच सीट, टप मागं टाकलेला आणि पाठीमागं गोव्याचा समुद्र. गाडी देखणी आहे, त्यात वाद नाही. पण उघड्या टपाची गाडी उन्हातल्या फोटोवरून घेत नसतात. मालकाला सांग, आषाढात बघायला येतो. नको म्हणाला, तर तिथंच समजून घे.

आषाढ म्हणण्यामागं दोन कारणं आहेत. एक म्हणजे पाऊस काही लपू देत नाही. दुसरं, आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात जून ते सप्टेंबर असली गाडी शेडमध्ये पडून असते. मालकाचा जीव तिच्यावरून उतरलेला असतो, आणि भावही उतरतो. दिवाळीनंतर ज्याला त्याला चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं असतं, तेव्हा त्याच गाडीचा भाव चढतो. घ्यायची आषाढात, विकायची दिवाळी ते नाताळच्या दरम्यान. उद्यमबागेत गॅरेज चालवलं तेवढ्या वर्षांत हे उलटं झालेलं मी बघितलं नाही.

जाताना तांब्या घेऊन जा. टप अर्धा उघडला की मागं दोन्ही बाजूंना, टप जिथं घडी होऊन बसतो तिथं, पाणी वाहून जायची भोकं दिसतील. एकेका भोकात तांब्याभर पाणी हळूहळू ओत आणि खाली वाकून बघ. मागच्या चाकापाशी धार पडली तर ठीक. नाही पडली, तर ते पाणी गाडीच्या पोटात गेलं. मग सीट मागं सरकवून कार्पेटखाली वर्तमानपत्र दाब, ओलं होतं का बघ. वासही घे. आत अत्तराची बाटली लटकवली असेल तर दोनदा घे. ओल नुसती पत्रा खात नाही. कित्येक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोलचे डबे सीटखालीच असतात. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-फोरमध्ये तर टप उचलणारी हायड्रॉलिकची मोटर पाणी जायच्या कप्प्यातच बसवलेली होती. नळी पाल्यानं तुंबली की मोटर बुडालीच. पाच रुपयांचा कचरा आणि लाखाच्या घरातलं काम.

नळी साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नकोस, आतला जोड सुटतो. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी घे आणि हळूहळू सरकव. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला.

आता तुझ्या फोटोतल्या गाडीबद्दल. ती सॅन स्टॉर्म आहे. बेंगळूरच्या सॅन कंपनीनं १९९८ मध्ये आणलेली आपल्या देशातली दोन सीटांची उघडी गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवरचं, आणि बॉडी फायबरची. फायबर गंजत नाही म्हणून खूश होऊ नकोस. खालची चासी लोखंडाची आहे, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली चासी वरून रंगवली तरी आतून पोकळ होते. गाडी रॅम्पवर घे, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं जागोजाग ठोक. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द नाही. फायबरला चांदणीसारख्या बारीक चिरा असतील तर कुठंतरी दणका बसलाय. त्याचं काम कारच्या पेंटरकडं देऊ नकोस, मालवण-वेंगुर्ल्याकडं फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे आहेत, त्यांचा हात बसलेला असतो. इंजिनचा टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटरवर मोजू नकोस. पडून राहिलेल्या गाडीचा बेल्ट वयानं तुटतो. कधी बदलला त्याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं धर आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या पंपासकट बदल. छोटे बुश, पिना, ब्रॅकेट मिळाले नाहीत तरी घाबरू नकोस. नमुना हातात असला की उद्यमबागेतला लेथवाला काढून देतो. आपल्या गावाची ही पुण्याई आहे, ती पुण्या-मुंबईच्या पोरांना मिळत नाही.

टायरवर चार आकडे असतात, तेवढे वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीला नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारं असतं. नंतर टप उघडा ठेवून एका बाजूचं चाक जॅकवर उचल आणि दार उघड-लाव कर. वर छप्पर नसल्यानं सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो. दार अडकलं तर सांगाडा ढिला झालाय, किंवा गाडी ठोकून जोडलीय. मग तवंदी घाट चढव. वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा जिथं होता तिथंच राहिला पाहिजे.

कागदांचं नीट ऐक, कारण आपण सीमेवरची माणसं. निपाणीत एका गल्लीत केए-२३, एमएच-०९ आणि गोव्याची पाटी शेजारी शेजारी उभी असते. कोल्हापुरातल्या मावशीच्या पत्त्यावर गाडी ठेवली की कर वाचतो, असं तुला चार जण सांगतील. ऐकू नकोस. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, हा मोटार वाहन कायदाच आहे. गोव्याची गाडी असेल तर आधी तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८. नावावर करायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा ३५. मग इथं बेळगावात, निपाणीचा पत्ता असेल तर चिक्कोडीला, नवा नंबर. कर्नाटकाचा आजीवन कर भारी आहे, आणि तो तू मोजलेल्या पैशांवर बसत नाही. गाडी नवी असतानाची किंमत धरतात आणि वयाप्रमाणे कमी करत आणतात. म्हणून जुनी महागडी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उडी मारू नकोस, आधी कराचा आकडा काढ. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ पासून साध्या कारला त्याचे ५,००० आणि परदेशातून आणलेल्या कारला ४०,००० रुपये झाले, वीस वर्षं ओलांडलेल्यांना आणखी जास्त. हे सगळं जमेत धरूनच भाव बोल.

सांभाळायचं म्हणजे ओला टप कधी घडी घालायचा नाही, एवढं जरी पाळलंस तरी बुरशी निम्मी टळते. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर कोरड्या फडक्यानं पुसू नकोस, आधी पाणी सोड. रबराला ग्रीस नको, तेल नको, त्यानं रबर फुगतं. सिलिकॉनचं बोट फिरव. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नकोस, खाली घाम धरतो. सुती कव्हर घाल आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालवून आण. उंदरांसाठी आमच्याकडं बॉनेटखाली निपाणीच्या तंबाखूची पानं ठेवतात, मीही ठेवतो, पण हवा ओढायच्या तोंडाला बारीक जाळी बसवल्याशिवाय मला झोप येत नाही.

विकताना माझी चूक करू नकोस. मी एक उघडी जीप ओळखीच्या माणसाला विश्वासावर दिली, पैसे घेतले, फॉर्म २९ भरला नाही. दीड वर्षानं कोर्टाची नोटीस आली. जीपनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं आणि कागदावर मालक मीच होतो. तुझ्या मामीनं त्या वर्षी एक रात्र धड झोप घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमारच्या खटल्यात हेच सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. त्याच राज्यात विकलीस तर १४ दिवसांत, बाहेर गेली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. चावी देताना तारीख आणि वेळ घालून पावती लिहून घे, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घे, आणि त्याच संध्याकाळी फास्टॅग बंद कर. नाहीतर कोगनोळी नाक्यावर तो जाईल आणि पैसे तुझे कटतील. गाडीत जिथं गळतं, ते आधी सांग. गावात आपल्याला परत भेटायचं असतं.

आणि रात्री टप उघडा टाकून हायवेला जाऊ नकोस, निदान ऊसतोडीच्या दिवसांत तरी. साखर कारखान्याच्या वाटेवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. एवढ्या बुटक्या गाडीत तुझं डोकं बरोबर त्या ट्रॉलीच्या फळीच्या उंचीला येतं. ऊस बाहेर लोंबत असतो तो वेगळाच.

मालकाशी बोल आणि दिवस ठरव. मी येतो. तांब्या मी घेतो, वर्तमानपत्र तू आण.