कॉइल भरणारी पोरं चाकणला का जातात

सेनगाव



मोटारी भरायला शिकलेलं पोरगं वर्षभरात चाकणची गाडी धरतं, अशी तुझी तक्रार. तिकडच्या कारखान्यांतला पगार सेनगावात देणं तुला झेपणार नाही, हे कबूल. पण सगळी पोरं पैशासाठीच जातात, असं धरून चालू नकोस.

तुझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात एखादा तरी किर्लोस्कर पंप नेहमी उघडा पडलेला असतो. त्या घराण्याचे लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी सरळ राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे त्यांचं नि भाऊ रामूअण्णांचं सायकलचं दुकान होतं. यंत्रांचं वेड तसंच होतं, पण त्या संस्थेला त्याचा उपयोग उरला नाही.

पुढे तेच मालक झाले. 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. अशा जागी माणसं टिकवायची म्हणजे खेळ नव्हे! त्यांनी माणूस निवडताना शिक्का पाहिला नाही. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक. ते तिथे इंजिनिअर म्हणून नावाजले. तुरुंगातून सुटून आलेल्यांना तर रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. तुरुंगवासाचा डाग असलेल्याच्या हाती कारखाना सोपवायचा, याला छाती लागते.

आता तुझ्या दुकानाकडे बघ. गिऱ्हाइकासमोर तू पोरांवर खेकसतोस. पगाराची तारीख ठरलेली नाही. पंप कंपनीचं ट्रेनिंग निघालं की जातो तुझा चुलतभाऊ, ज्याला बेअरिंग धड काढता येत नाही. आणि रब्बीत रात्र रात्र कॉइल भरणारा पोरगा काउंटर पुसत राहतो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत संस्थेने केलं ते याहून काय निराळं?

गोड बोलून कमी पगारात राबवून घे, असं मी सांगत नाही. ती युक्ती पोरं दोन महिन्यांत ओळखतात.

पुढच्या ट्रेनिंगला त्या कॉइल भरणाऱ्या पोरालाच पाठव. शिकून निघून जाईल, ही तुझी भीती खोटी नाही, जाईलही. पण परत येईल तेव्हा त्याच्याकडून तूही शिकून घे, सबमर्सिबलमधलं तुला अजून बरंच येत नाही.

तुझा,
मामा