तंजावूरची दप्तरे आणि कुळाचा शोध

नगराचा इतिहास राजवंशाच्या बखरीत असतो, तसाच तो दानधर्माच्या हिशेबांत आणि लोप पावलेल्या आडनावांतही असतो. तंजावूर हे याचे बोलके उदाहरण होय. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. परंतु त्याच्या आश्रयाने आलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच राहिली. अशा घरातील विद्यार्थी मराठी बोलतो, पण वाचू शकत नाही. ‘आमचे पूर्वज कोण?’ असे त्याने विचारले, तर त्याला कोणती वाट दाखवावी?

प्रारंभ नावापासूनच करावा लागतो. दक्षिणेतील रीतीप्रमाणे नावाआधीचे अक्षर पुष्कळदा गावाचे किंवा पित्याचे असते. १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावूर. ते आडनावाचे आद्याक्षर नव्हे. म्हणून केवळ आडनाव धुंडाळणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. व्यक्ती, पिता, गाव आणि हुद्दा ही चौकट धरून शोध घेतला पाहिजे.

दुसरी पायरी ग्रंथालयाची. नायक राजांच्या ग्रंथसंग्रहातून वाढलेले आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. मोडी कागदांचा मोठा भाग १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाकडे असून निवडक कागदांचे तमिळ अनुवादही प्रसिद्ध झाले आहेत. मोडी न येणाऱ्याने आरंभ या अनुवादांपासून करावा, पण शेवट मूळ कागदापाशीच करावा.

तिसरी पायरी कालनिर्णयाची. मराठी दप्तरांत शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिला जातो. ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे चार, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६४. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावे. यावरून १७६३–६४ हे इसवी वर्ष मिळते. एका वर्षाची चूक झाली, तरी पिता व पुत्र यांची गल्लत होऊ शकते.

मात्र लेख जुना म्हणून तो निःपक्षपाती ठरत नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील भोसले वंशाचा मराठी शिलालेख १८०३ चा आहे. दत्तकपुत्र सरफोजींचा वारसा अमरसिंगांशी झालेल्या वादानंतर १७९८ मध्ये मान्य झाला आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेल्यावर वंश दगडावर कोरला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वंशावळ ही बहुधा एखाद्या हक्काची मांडणी असते. घरातील वंशावळीलाही हाच निकष लावावा आणि तिची पडताळणी हिशेबाच्या कागदांशी करावी. कारण हिशेबनीस कोणाचे कुळ थोर ठरवण्यासाठी लिहीत नसतो.

या शोधात सरदाराऐवजी एखाद्या छत्रातील आचारी पूर्वज म्हणून सापडणे शक्य आहे. विद्यार्थ्याने त्याचे नाव स्वतः मोडीत वाचले, तर कुळाबरोबर हरवलेली लिपीही त्याच्या घरी परतेल.